तासाभराचं व्हिएन्ना

एका जंगलात एक धुराडं होतं.

हं, लगेच हात वर करू नका. जंगलात धुराडं कुठून आलं ते सांगतो. हे जंगल आपल्याकडचं नव्हे. युरोपात प्राग म्हणून एक शहर आहे, त्याच्या कडेचं. माणसांनी तिथं पूर्वी विटांची भट्टी घातली. मग भट्टी मोडली, माणसं निघून गेली आणि धुराडं तेवढं न्यायचं विसरली. त्या धुराड्यावर काटक्यांचं घमेल्यासारखं मोठं घरटं करून एक करकोचा राहायचा. अंग पांढरं, पंखांची टोकं काळी, चोच लाल, आणि पाय लाल नि उगाचच लांब. त्याचं नाव टांगोजी. बायकोचं नाव चंचूबाई.

आता करकोच्यांची एक गोष्ट तुम्हांला ठाऊक पाहिजे. देवानं त्यांना गळा दिलेला नाही. कोकिळेला दिला, कावळ्याला दिला, गाढवाला तर गरजेपेक्षा जास्तच दिला. करकोच्याच्या पाळीला माल संपला. मग ते चोचच वाजवतात. मान मागं टाकून खड् खड् खड्. मग या गोष्टीत ते बोलतात कसे, असं जो विचारील त्यानं बाहेर जाऊन बसावं.

तर या चोच वाजवण्याचा प्रत्येक घराण्याचा ठेका वेगळा. टांगोजीच्या घरचा ठेका संथ, पाणी भरलेली घागर घेऊन बाई जिना चढते तसा. पणजोबांपासून चालत आलेला. आणि रीत अशी, की अंडं फुटलं की पिलाच्या कानावर पहिला ठेका आजोबाचा पडायचा. जो पहिला ऐकला तो जन्मभर चिकटला. आईकडचा आजोबा आधी पोचला तर त्याचा, बापाकडचा आधी पोचला तर त्याचा. आजीनं मात्र वाजवायचा नाही. का नाही? ते कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती रीत कसली?

टांगोजीची एकुलती एक लेक धवला व्हिएन्नाला दिली होती. तिथल्या एका देवळाच्या घुमटावर तिचं सासर. सासऱ्याचं नाव घुमटराव. नाव घुमटावरून पडलं की तब्येतीवरून, यावर दोन मतं होती.

एके दिवशी तांबडं फुटायच्या आतच एक पाकोळी निरोप घेऊन आली.

"काका, धवलाताईचं अंडं आतनं टोकरायला लागलंय. दोन-चार दिवसांत फुटंल. लवकर या म्हणालीय." आणि पाकोळी बसलीसुद्धा नाही. पाकोळ्या कधी बसतात?

टांगोजी हरखला. पहिलं नातवंड! आपण आधी पोचलो तर पणजोबांचा ठेका व्हिएन्नाच्या घुमटावर वाजणार. आणि उशीर झाला तर? घुमटराव तिथंच बसलेले. त्यांचा ठेका म्हणजे पत्र्यावर गारा. आपलं नातवंड जन्मभर गारा पाडत बसणार!

"अहो, ऐकलंत ना?" चंचूबाई म्हणाली. "उद्या ऊन तापलं की निघू. दिवस मावळायला लेकीच्या घरट्यात."

टांगोजीनं एक पाय खाली ठेवला आणि दुसरा वर घेतला. करकोचा पाय बदलतो तेव्हा समजावं, याच्या मनात काहीतरी आहे.

"मी काय म्हणतो, या खेपेला विमानानं जावं."

"कशानं?"

"विमानानं. तासाभरात पोचतं."

चंचूबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लांब पायांमुळे त्याला जरा वेळ लागला.

"अहो, तुम्ही पक्षी आहात."

"म्हणून काय पक्ष्यानं पुढं जाऊच नये?"

आता हे विमान कुठलं, ते ऐका. त्या जंगलातल्या माळावर माणसांनी टाकून दिलेलं एक विमान होतं. एका कोल्ह्यानं ते चालू केलं. कसं केलं ते गोष्टीत विचारायचं नसतं. त्याआधी जंगलात प्रागपासून व्हिएन्ना किती लांब, असं विचारलं तर ज्याचं त्याचं उत्तर निराळं असायचं. बेडूक म्हणायचा, माझ्या नातवाचा नातू पोचेल. अस्वल म्हणायचं, एका झोपेच्या आत नाही होणार. करकोचे म्हणायचे, एक उन्हाचा दिवस. आणि सगळ्यांचंच खरं होतं. मग कोल्ह्यानं माळावर पाटी लावली : 'प्राग ते व्हिएन्ना, फक्त तासभर!' त्या दिवसापासून व्हिएन्ना जवळ आलं. जागचं हललं नाही, पण आलं जवळ. बेडूकसुद्धा म्हणायला लागला, "व्हिएन्ना ना? इथं तर आहे. तासभर."

"साखरपुड्याला आपण उडत गेलो," टांगोजी म्हणाला, "तेव्हा घुमटरावांची बहीण काय म्हणाली, आठवतं?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'अगंबाई! स्वतः उडत आलात? दमला असाल हो!'"

"मग दमलेच होतो की."

"दमलो होतो गं. पण चारचौघांत म्हणायची गरज होती? आणि घुमटराव लग्नाची बोलणी करायला आले ते कशानं? विमानानं. चार दिवस राहिले, चारही दिवस विमानच सांगत होते. मी मुलीचा बाप. घामेजून, पिसं विस्कटून नातवापुढं उभा राहू?"

"नातू डोळे मिटलेला असतो हो."

"त्याचे असतील. घुमटरावांचे उघडे आहेत."

"बरं. तुम्ही जा विमानानं. मी आपली येते हवेतनं."

"तू हवेतनं, मी विमानातनं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, हिला विमान लागतं."

झालं. टांगोजी त्याच दिवशी तांबडं फुटायला माळावर गेला. कारण विमान सुटायच्या बरंच आधी या, असा नियम होता. आणि विमान सुटायचं ते तिन्हीसांजेला. त्याचं असं झालं, की वैमानिक होतं घुबड. त्याला दिवसा दिसत नव्हतं. आणि रात्री उडायला बंदी, कारण जनावरांची झोपमोड होते. मधे तिन्हीसांजेची तेवढी एक फट उरली. त्या फटीतून विमान जायचं.

तपासणीच्या दारात एक साळिंदर उभं होतं.

"हे काय आहे?"

"पंख," टांगोजी म्हणाला.

"कशाला?"

"उडायला."

"उडायचं काम विमानाचं. प्रवाशांनी मधेच उडायला सुरुवात केली तर बाकीच्यांनी काय करायचं?" आणि साळिंदरानं त्याचे दोन्ही पंख वेताच्या पट्ट्यानं अंगाशी आवळले. पट्ट्यावर राळेची मोहोर उठवली. "ही व्हिएन्नाच्या खिडकीवर सोडवून मिळेल. मधे कुणी तोडायची नाही. आता सांगा, जवळ टोकदार काही?"

"नाही बुवा."

"मग तोंडावर हे काय?"

"चोच आहे हो ती."

"टोकदार आहे."

टांगोजीनं साळिंदराच्या अंगावरच्या काट्यांकडे पाहिलं. शेपटीपासून कानापर्यंत पाहिलं. साळिंदराच्या ते लक्षात आलं.

"मी कर्मचारी आहे," ते म्हणालं, आणि त्यानं चोचीलाही पट्टा गुंडाळला.

माळावर आणखी पुष्कळ जण बसले होते. ससे होते, रानडुकराचं एक कुटुंब होतं. पण निम्मे पक्षीच होते. कबुतरं, तितर, दोन म्हातारे राजहंस. सगळ्यांचे पंख बांधलेले, सगळ्यांच्या चोची बांधलेल्या. एकमेकांकडे बघून सगळे मान हलवत होते. कशी सोय झाली, नाही का!

तिन्हीसांज झाली आणि धुकं आलं. कोल्हा एका दगडावर चढून म्हणाला, "आम्ही दिलगीर आहोत." कोल्हा फार गोड दिलगीर व्हायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपलीच काहीतरी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी धुकं गेलं. लख्ख ऊन पडलं. ऊन तापलं तशी माळावरची हवा वर चढायला लागली, आणि त्या हवेवर कुणीतरी गिरक्या घेत घेत वर निघालं. काळी टोकं, लाल पाय. चंचूबाईच ती. माळावर आली तशी तिनं खाली वाकून पाहिलं.

"अहोऽऽ! अजून इथंच?"

टांगोजीला उत्तर द्यायचं होतं. चोच बांधलेली. त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही.

"मी पुढं होते! धवलाला सांगते, बाबा येतायत म्हणून!"

आणि ती दक्षिणेकडे वळली. लहान लहान होत गेली. टांगोजीच्या पट्ट्याखालचे पंख आपोआप थरथरले. रांगेतलं कबुतर त्याच्याकडे दयेनं बघत होतं. बिचाऱ्याची बायको अजून हातानं करते सगळं, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

त्या संध्याकाळी वैमानिकाचा डोळा लागला. घुबड संध्याकाळी कधी झोपतं का? नाही ना? हे झोपलं. दिवसभर प्रवाशांच्या गलबल्यानं त्याला झोप मिळाली नव्हती. कोल्हा पुन्हा दगडावर चढला.

टांगोजी उभ्या उभ्या हिशेब करत होता. आता चंचू पोचली असेल. आता अंड्याला तडा गेला असेल. आता घुमटरावांनी मान मागं टाकली असेल. त्याला मिटल्या डोळ्यांपुढं गाराच गारा दिसायला लागल्या. पट्टा तोडावा आणि पळत सुटावं, असं एकदा मनात आलं. पण इतका वेळ थांबलोय तर आता कशाला, असंही आलं. बाळांनो, रांगेत उभं राहिलेल्याच्या मनात नेहमी दुसरंच जिंकतं.

तिसऱ्या तिन्हीसांजेला विमान उडालं.

आणि खोटं कशाला बोलू? तासाभरात पोचलं. पाटीवर लिहिलं होतं तस्सं. वाटेत प्रत्येकाला एक एक अक्रोड दिला. चोच बांधलेली असल्यामुळे तो पक्ष्यांनी मांडीवर ठेवून नुसता पाहिला.

उतरवलं मात्र व्हिएन्नात नाही. व्हिएन्नाच्या अलीकडच्या एका माळावर. मोहोर सोडवायची खिडकी बंद होती. तिच्यावर पाटी होती, 'सोडवणारे रजेवर आहेत.' आणि फाटकाशी कोण उभं असावं? घुमटराव! गळ्यात घालायला कमळांचा हार, तोही पार सुकलेला.

"या, या, व्याहीबुवा! अहो, दोन संध्याकाळी येऊन उभा आहे मी. म्हटलं, व्याही विमानानं येतायत, त्यांना घ्यायला कुणी नको? हे असं चालत नाही आमच्याकडे."

टांगोजीनं पटकन पाय बदलला. दोन संध्याकाळी हे इथं! म्हणजे घुमटावर नव्हते! त्याला विचारायचं होतं, अंडं फुटलं का हो? तोंडातून आलं, "हूंऽऽ."

"अंडं म्हणताय?" घुमटराव हुशार होते. "फुटेल की! तिथं बाया आहेत. काल आमच्या विहीणबाई येऊन पोचल्यात. आपण पुरुषमाणसांनी विमानतळ बघायचा."

रात्र दोघांनी फाटकाशीच काढली. सकाळी निघायचं झालं तर टांगोजीचे पंख बांधलेले. घुमटरावांनी मोहोरेकडे आदरानं पाहिलं.

"ही तोडायची नाही. घरच्यांना दाखवू आधी. चला, चालत जाऊ."

घुमटराव उडू शकत होते. पण व्याह्याला चालवायचं आणि आपण डोक्यावरून उडायचं, हे बरं दिसलं नसतं. म्हणून तेही चालले. मोठ्या रस्त्याच्या कडेनं दोन करकोचे एकामागून एक. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबून बघत होती. घुमटराव अखंड बोलत होते. टांगोजीच्या चोचीला पट्टा.

"तुमचं एक आवडलं हो आपल्याला," घुमटराव म्हणाले. "विमानानं आलात पण बढाई नाही. तोंडातून एक शब्द नाही!"

टांगोजी मनात एकच मोजत होता. हे माझ्याबरोबर चालतायत तोवर यांचाही ठेका माझ्यासारखाच रस्त्यावर आहे. चाला घुमटराव, सावकाश चाला.

दुपार कलायला ते देवळाच्या अंगणात आले. घुमटरावांची बहीण, मुलगा, भाचे सगळे फडफडत खाली उतरले. मोहोर पाहून सगळ्यांनी आऽऽ केलं. बहिणीनं ती चोचीनं हळूच सोडवली आणि घरट्यात लावायला ठेवून घेतली. चोचीचा पट्टाही सुटला. टांगोजीनं पंख पसरले. ते इतके आखडले होते की पहिल्या उडीत तो पायऱ्यांवरच पडला. दुसऱ्या खेपेला कसाबसा घुमटावर पोचला.

आणि वर पाय टेकवायच्या आतच त्यानं ऐकलं.

घरट्यात एक ओलसर, करडा गोळा बसला होता. डोळे मिटलेले. त्या गोळ्यानं मान मागं टाकली, आणि टाचणीएवढी चोच वाजवली. आधी एक टोला. मग थांबा. मग भरभर, भरभर, वाळूत पाणी जिरावं तसं हळू होत संपलं.

ठेका टांगोजीच्या घरचा नव्हता. गाराही नव्हत्या.

टांगोजी एका पायावर उभाच राहिला. हा आपण ऐकलाय कुठं? आणि मग त्याला आठवलं. फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका खेड्यात, गवताच्या गंजीवर एक तरुण करकोची उभी होती. तिला बघायला तो गेला होता. तिनं त्याच्यापुढं चोच वाजवली ती अशीच. एक टोला. थांबा. मग भरभर. तो तिच्या बापाच्या घरचा ठेका. लग्न झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ती टांगोजीचा वाजवायला लागली. पुन्हा कधी तो ठेका त्यानं ऐकला नाही. विचारलाही नाही.

चंचूबाई घरट्याच्या कडेला काटक्या नीट करत बसली होती. त्या नीटच होत्या.

"आलात?" ती म्हणाली.

मागून घुमटराव धापा टाकत आले. पिलानं पुन्हा चोच वाजवली. घुमटरावांनी कान दिला आणि मोठ्या मनानं पंख पसरले.

"वा! आमचा नाही, म्हणजे तुमचाच! हरलो बुवा. तासाभरात येणाऱ्यापुढं आमचं काय चालणार?"

"किती वेळ लागला हो विमानाला?" त्यांच्या बहिणीनं विचारलं.

सगळे टांगोजीच्या चोचीकडे बघत होते. लेक बघत होती. चंचूबाई काटकीकडे बघत होती.

"तासभर," टांगोजी म्हणाला.

"बघा! आणि विहीणबाई, तुम्हांला?"

"मला?" चंचूबाई म्हणाली. "ऊन तापल्यावर निघाले. दिवस मावळायला आले."

"अरेरेरे!" बहीण म्हणाली. "अख्खा दिवस! दमला असाल हो!"

कुणी विचारलं नाही, की तासभर लागणारा मागून कसा आला. मोजणारे मोजत नव्हते, ऐकत होते.

टांगोजीला वाटलं, सांगून टाकावं. हा ठेका माझा नव्हे. पण मग अंडं फुटताना मी कुठं होतो, तेही सांगावं लागलं असतं. आणि चंचूनं रीत मोडली, हेही. तो घसा खाकरणार होता, पण घसा होता कुठं?

"माझ्यावर गेलाय खरा," तो म्हणाला.

"अगदी तुमच्यावर," चंचूबाई म्हणाली. आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली. ते हसू टांगोजीला पुढं पुष्कळ वर्षं पुरलं. टोचायला.

परत निघायचा दिवस आला. टांगोजी रात्रीच तिला म्हणाला होता, "चंचू, जाताना मीपण हवेतनंच येतो." पण सकाळी बघतो तर घुमटरावांनी तिकीट काढून ठेवलेलं. विमानानं आलेल्या व्याह्याला हवेतनं घालवला तर घुमटाची काय अब्रू राहील? भाचे, पुतणे, शेजारची कबुतरं, सगळी मिरवणूक त्याला माळावर पोचवायला निघाली. चालत.

तो रांगेत उभा राहिला. ऊन तापलं. हवा वर चढायला लागली. आणि त्या हवेवर चंचूबाई गिरक्या घेत आली. खाली पाहिलं, थांबली नाही. वर गेली, आणखी वर गेली, आणि तिथं, जिथं रीत पोचत नाही इतक्या उंचावर, तिनं मान मागं टाकून चोच वाजवली. एक टोला. थांबा. मग भरभर, भरभर. अख्ख्या माळावर ऐकू गेलं.

रांगेतल्या पुढच्या राजहंसानं मान वर केली.

"काय सुरेख वाजवतंय! कुणाचा ठेका हो हा?"

टांगोजीची चोच अजून बांधलेली नव्हती.

"आमच्या घरचा," तो म्हणाला, आणि एक पाऊल पुढं सरकला.

तात्पर्य : आपल्या पंखांनी जाणारा नुसता पोचतो; विमानानं जाणाऱ्याचं मात्र स्वागत होतं. तेव्हा बाळांनो, पंख असले तरी पट्टा बांधून घ्या आणि कुणी विचारलं तर 'तासभर' सांगा. फक्त घरातलं एखादं माणूस बिनपट्ट्याचं राहू द्या. अंडी तिकिटाची वाट बघत नाहीत.